पल्स इंडक्शन डिटेक्टरची कॉइल घरी कशी गुंडाळावी: साचा ते डॅम्पिंग, योग्य क्रमाने

पल्स इंडक्शन (पीआय) डिटेक्टर कॉइलमधून विजेचे छोटे झटके सोडून जमिनीतला धातू शोधतो. घरी बनवलेला असा डिटेक्टर चालत नाही, तेव्हा बहुतेक जण सर्किटमध्ये चूक शोधत बसतात. आयसी बदलतात, मॉसफेट (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) बदलतात, बोर्ड पुन्हा सोल्डर करतात. दोष मात्र अनेकदा कॉइलमध्ये असतो, आणि तिथेही वेढे मोजण्यात चूक झालेली नसते. कामांचा क्रम चुकलेला असतो. कोणी मोजणी न करताच कॉइल रेझिनमध्ये बुडवून टाकतो. कोणी तारेला चिकटूनच फॉइल गुंडाळतो. डॅम्पिंगचा, म्हणजे कॉइलमधला झटका विझवणारा, रेझिस्टर आधी ठरवून केबल नंतर बदलणारेही पुष्कळ आहेत.

एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. या कॉइलमध्ये इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) जितका महत्त्वाचा, तितकीच कपॅसिटन्सही (जवळजवळच्या वाहकांत भार साठण्याची क्षमता) महत्त्वाची आहे. मॉसफेट बंद होतो त्या क्षणी कॉइलच्या टोकांवर २०० ते ४०० व्होल्टचा झटका उठतो. तो काही मायक्रोसेकंदांत पूर्ण विझला, तरच त्यामागून येणारा धातूचा अतिशय क्षीण प्रतिसाद सर्किटला ओळखता येतो. वेढ्यांमधली, शिल्डमधली (कॉइलवरच्या विद्युतवाहक आवरणातली) आणि केबलमधली कपॅसिटन्स हे विझणं लांबवते. पुढची प्रत्येक पायरी ती कमी ठेवण्यासाठी आहे.

उदाहरणासाठी २० सेंटिमीटर व्यासाची, एकाच गुंडाळीची गोल कॉइल घेतली आहे. नाणी आणि मध्यम आकाराच्या वस्तूंसाठी हा आकार चांगला. हौशी मंडळींमध्ये प्रसिद्ध असलेल्या पायरेट सर्किटलाही साधारण अशीच कॉइल लागते.

## १. तार आणि वेढे आधी कागदावर ठरवा

बहुतेक घरगुती पीआय सर्किटना ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपास इंडक्टन्सची कॉइल चालते. २८० ते ३५० मध्ये काहीही आलं तरी बिघडत नाही. बरोबर ३०० आणण्यासाठी जीव टाकू नका, तो वेळ पुढे शिल्डवर घालवा.

सगळे वेढे एकत्र घट्ट जुडीत गुंडाळले तर ३०० च्या जवळ जाण्यासाठी अंदाजे इतके वेढे लागतात:

- १५ सेंमी व्यास: २९ ते ३०
- २० सेंमी व्यास: २५
- २५ सेंमी व्यास: २१ ते २२
- ३० सेंमी व्यास: १९

इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २५ वेढ्यांना ३४० आले, तर एक वेढा काढल्यावर सुमारे ३१३ येतील. म्हणून एखादा वेढा जास्त घालून सुरुवात करणं केव्हाही सोयीचं. काढता येतो, वाढवायचा म्हटलं तर जोड द्यावा लागतो, आणि जुडीच्या आत सोल्डरचा जोड नको.

तारेचे दोन पर्याय आहेत.

इनॅमल्ड तार, म्हणजे वर इनॅमलचा पातळ विद्युतरोधक थर असलेली तांब्याची तार. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. २५ गेज म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. २४ गेजही चालते. २० सेंमीच्या २५ वेढ्यांना पावणेसोळा मीटर तार लागते, वजन जेमतेम २८ ग्रॅम. ५० ग्रॅम घ्या, म्हणजे एक प्रयत्न वाया गेला तरी उरेल. पहिल्या कॉइलसाठी हीच घ्या.

प्लास्टिकचं आवरण असलेली बारीक बहुतारी वायर. दुकानात ७/०.२ म्हणून मागा, म्हणजे ०.२ मिमीच्या सात तारा. आवरणामुळे तांब्याचे वेढे एकमेकांपासून दूर राहतात, कपॅसिटन्स घटते आणि कॉइल लवकर विझते. पल्सनंतर १० मायक्रोसेकंदांच्या आसपास नमुना घेणारं (धातूचा प्रतिसाद मोजणारं) सर्किट असेल, किंवा पातळ सोन्यासारख्या क्षणात विझणाऱ्या वस्तू शोधायच्या असतील, तर ही वायर हवी. टेफ्लॉनचं आवरण मिळालं तर पीव्हीसीपेक्षा उत्तम. जुडी जाड होत असल्याने एखादा वेढा जास्त लागतो.

सावधान: "जाड तार म्हणजे जास्त ताकद" या समजुतीने एक मिलिमीटरची सलग तार घेऊ नका. पल्स तुटल्यावर तारेच्या स्वतःच्या तांब्यातही भोवरी प्रवाह, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने उठणारे प्रवाह, गोल फिरतात. व्यास दुप्पट झाला की ते विझायला चौपट वेळ लागतो. म्हणजे डिटेक्टर स्वतःच्या कॉइललाच धातू समजू लागतो.

## २. सगळं सामान टेबलावर मांडा, मगच तार सोडा

मध्येच उठावं लागलं की वेढे सैल पडतात. त्यामुळे हे सगळं हाताशी ठेवा:

- १८ मिमी प्लायवुडचा तुकडा, दीड इंची बारीक खिळे, बॉलपेनच्या रिकाम्या रिफिल
- मेणवलेला सुती दोरा किंवा रिवाइंडिंगवाल्यांची कॉटन टेप
- एअर-ड्राय वॉर्निश, म्हणजे भट्टीशिवाय वाळणारं
- तारेवर चढवायची स्लीव्ह, पॉलिश पेपर, सोल्डरिंगचं सामान
- ग्राफाइट पावडर आणि फेव्हिकॉल
- वायरी एकत्र बांधायची प्लास्टिकची स्पायरल पट्टी किंवा पातळ फोमची पट्टी
- दीड मीटर केबल
- मल्टिमीटर आणि इंडक्टन्स मोजणारं मीटर

शेवटच्या वस्तूवर कात्री लावू नका. पार्ट ओळखणारा स्वस्त टेस्टरही या कामाला पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत यातलं इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळतं. तार आणि वॉर्निश मात्र रिवाइंडिंगवाल्याकडूनच घ्या. त्याच्याकडे माल सतत खपतो, त्यामुळे इनॅमल ताजं असतं.

## ३. साचा

प्लायवुडवर २० सेंमी व्यासाचं वर्तुळ काढा. त्यावर सारख्या अंतराने १६ खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर खिळा ठोका. खिळा अर्धा इंच आत, बाकीचा वर. प्रत्येक खिळ्यावर रिफिलचा तुकडा चढवा. त्यामुळे इनॅमलवर ओरखडा येत नाही आणि नंतर जुडी सहज सरकते.

आता दोन खिळ्यांच्या मध्ये आठ ठिकाणी चिकटपट्टीचे छोटे तुकडे आडवे ठेवा, चिकट बाजू वर. गुंडाळून झालं की हे तुकडे जुडीवरून दुमडले की काम झालं. हे आधी केलं नाही, तर सैल जुडी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने दोरा ओवण्याची कसरत करावी लागते, आणि त्यातच आकार बिघडतो.

स्टीलचा डबा किंवा पातेलं साचा म्हणून वापरायला हरकत नाही, फक्त आधी त्यावर कागदाचा एक सैल पट्टा गुंडाळा. नाही तर घट्ट बसलेली कॉइल काढताना तार खरवडते.

तपासा: साच्यावर हात फिरवून बघा. खिळ्याचं टोक किंवा प्लायवुडची कपची कुठेही टोचता कामा नये.

## ४. गुंडाळणं

हे दोघांनी करायचं काम आहे. एकाने तारेचं रीळ पेन्सिलीवर आडवं धरावं, म्हणजे ते फिरत फिरत तार सोडेल. रीळ उभं ठेवून वरून तार ओढली, तर प्रत्येक फेरीला एक पीळ पडतो. मग गाठीसारखे वळसे येतात आणि तिथेच इनॅमल तडकतं.

१. तारेच्या सुरुवातीला १५ सेंमी स्लीव्ह चढवा. तितकंच टोक साच्याबाहेर ठेवून पहिल्या खिळ्याला हलका वळसा द्या.

२. तार ताणलेली राहील इतपतच ओढा. जास्त ताणली तर खिळे आत झुकतात आणि पुढचे वेढे लहान होत जातात.

३. दर पाच वेढ्यांनी कागदावर खूण करा. बोलता बोलता मोजू नका.

४. पहिला आणि शेवटचा वेढा शेजारी येऊ देऊ नका. हे फार महत्त्वाचं आहे. या दोन वेढ्यांमध्ये पूर्ण झटक्याचा व्होल्टेज असतो. ते खेटून असतील तर कॉइलची प्रभावी कपॅसिटन्स वाढते, आणि कमकुवत इनॅमल फुटून आत ठिणगीही पडू शकते. पहिले पाच-सहा वेढे खाली प्लायवुडला धरून घाला, पुढचे त्यावर चढवत जा. शेवटचा वेढा सगळ्यात वर.

५. शेवटच्या टोकालाही स्लीव्ह चढवा. दोन्ही टोकं कॉइलच्या एकाच जागेतून बाहेर काढा.

बहुतारी वायर वापरत असाल तर जुडी फार आवळू नका. वेढे थोडे पसरलेले असले तर उत्तमच. विषम संख्येच्या खुंट्यांमधून आतबाहेर विणत केलेली टोपलीसारखी गुंडाळी कपॅसिटन्स आणखी कमी करते. पण तिला वेळ लागतो, जाडी वाढते आणि शिल्ड बसवणं कठीण जातं. पहिल्याच कॉइलला तो घाट घालू नका.

## ५. बांधणं आणि पहिली मोजणी

चिकटपट्ट्या दुमडा, दोन-चार खिळे उपटून जुडी अलगद उचला. आता मेणवलेल्या दोऱ्याने दर दोन सेंटिमीटरवर फास घेत पूर्ण फेरी बांधा. इथे घाई नको. आतली एखादी तार जरी मोकळी राहिली, तर झाडाझुडपाला कॉइल लागताच ती थरथरते आणि खोटा आवाज येतो. रानात वापरताना हा दोष अगदी जीव खातो, आणि रेझिन ओतल्यावर तो दुरुस्त होत नाही.

इनॅमल पॉलिश पेपरने टोकाला दोन सेंटिमीटर पूर्ण घासून काढा, सगळ्या बाजूंनी. अर्धवट घासलेल्या टोकावर सोल्डर बसल्यासारखं दिसतं, पण जोड कच्चा राहतो.

मग मोजा आणि लिहून ठेवा:

रेझिस्टन्स. आधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून येणारा आकडा वजा करा. २५ गेजच्या २५ वेढ्यांना सुमारे १.४ ओहम यायला हवेत. बराच कमी आला तर तार जाड आहे किंवा वेढे आतून चिकटले आहेत. दोन ओहमच्या वर गेला तर तार बारीक आहे किंवा टोक नीट घासलेलं नाही.

इंडक्टन्स. कॉइल धातूच्या टेबलापासून आणि स्टीलच्या कपाटापासून लांब धरून मोजा. वेढे बरोबर, रेझिस्टन्सही ठीक, तरी इंडक्टन्स अपेक्षेच्या निम्म्यावर असेल तर कुठेतरी वेढा शॉर्ट झाला आहे. अशी कॉइल दुरुस्त करत बसू नका, नवी गुंडाळा. तार २८ ग्रॅमचीच आहे.

आकडे पटले की वॉर्निशचा हात द्या आणि एक रात्र टांगून ठेवा. ओल्या वॉर्निशवर पुढचं काहीही करू नका.

## ६. आधी अंतर, मग शिल्ड

सगळ्यात जास्त कॉइली या पायरीवर बिघडतात.

शिल्ड कशासाठी? ओलं गवत, ओली वाळू किंवा तुमचा हात कॉइलजवळ आला की तिची जमिनीशी असलेली कपॅसिटन्स बदलते, आणि सर्किट त्याला धातू समजतं. आजूबाजूच्या विजेच्या तारांची गुणगुणही शिल्डशिवाय आत शिरते. पण शिल्ड हीसुद्धा विद्युतवाहक वस्तू आहे. जाड आणि उत्तम वाहक असेल तर तिच्यातही भोवरी प्रवाह फिरतात. म्हणून इथे उलटा नियम लागतो: शिल्ड जेमतेम वाहक असावी. तांब्याची चिकटपट्टी चकचकीत दिसते, पण या कामाला ती वाईट. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल उशिरा नमुना घेणाऱ्या सर्किटवर निभावते. ग्राफाइटचा लेप सर्वांत भरवशाचा.

अंतर. वाळलेल्या जुडीवर स्पायरल पट्टी किंवा पातळ फोम पूर्ण गुंडाळा, कमीत कमी एक ते दोन मिलिमीटर जाडीचा थर हवा. त्यावर एक थर कागदी मास्किंग टेप. शिल्ड तारेला जितकी चिकटून, तितकी कपॅसिटन्स जास्त. हा थर गाळला तर आतापर्यंतची मेहनत वाया जाते.

लेप. फेव्हिकॉल थोडं पाणी घालून पातळ करा आणि त्यात ग्राफाइट पावडर कालवत जा. कागदाच्या पट्टीवर लावून, पूर्ण वाळवून मोजा. ओल्या लेपाचा आकडा फसवा असतो. १० सेंमी पट्टीला काही शे ओहम आले की मिश्रण जमलं. लाखांत आकडे येत असतील तर ग्राफाइट कमी पडलं आहे.

फट. लेप कॉइलभोवती पूर्ण फिरवायचा नाही. जिथून टोकं बाहेर येतात तिथे एक सेंटिमीटर जागा कोरी सोडा. पूर्ण कडं झालं तर तो एक शॉर्ट वेढा होतो.

शिल्डची तार. बहुतारी वायरमधली एकच बारीक तार काढून लेपावर फटीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ठेवा, वरून लेपाचा दुसरा हात द्या. ही तारही फट ओलांडता कामा नये. एकच टोक बाहेर काढा.

इथे थांबून तीन गोष्टी तपासा. शिल्ड आणि कॉइल यांच्यात मल्टिमीटरच्या सर्वांत मोठ्या रेंजवरही काही दाखवू नये. फटीच्या दोन्ही बाजूंच्या लेपापासून शिल्डच्या तारेपर्यंत फार तर हजार-दोन हजार ओहम असावेत. आणि इंडक्टन्स पुन्हा मोजा. तो लक्षात येण्याइतका घटला असेल तर शिल्डचं कडं कुठेतरी जोडलं गेलं आहे किंवा शिल्ड फार वाहक आहे.

## ७. केबल

पल्सच्या वेळी कॉइलमधून दोन-चार अँपिअर वाहतात, त्यामुळे माइकची बारीक वायर चालत नाही. दुसऱ्या बाजूने केबलची कपॅसिटन्स सरळ कॉइलच्या कपॅसिटन्समध्ये मिळते. आरजी-५८ या कोअॅक्सियल केबलची मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते, आरजी-६२ ची त्याच्या निम्म्याहून कमी. साधी स्पीकरची दोन धाग्यांची, ०.७५ चौरस मिमीची वायरही चांगलं काम देते. शिल्डसाठी मग तिसरी बारीक वायर सोबत न्यावी लागते.

लांबी दांड्यापुरतीच ठेवा. जास्तीची केबल दांड्यावर गोल गुंडाळून ठेवू नका. ती पुरेशी ताणून चिकटपट्टीने बांधा, नाही तर चालताना हलून आवाज करते.

कॉइलजवळचे जोड लहान ठेवा. सोल्डरचा मोठा गोळा, पितळी लग, स्टीलचा वॉशर, यातलं काहीही वेगवान सर्किटला दिसतं. जोड एकमेकांपासून दोन-तीन सेंमी मागेपुढे घेऊन त्यांवर स्लीव्ह चढवा. शिल्डची तार सर्किटमध्ये त्या टोकाला जाते जिथला व्होल्टेज स्थिर असतो. मॉसफेटच्या ड्रेनकडे (झटका जिथे उठतो त्या पिनेकडे) जाणाऱ्या टोकाला ती चुकूनही जोडू नका.

सावधान: चालू सर्किटमध्ये या टोकांवर ४०० व्होल्टपर्यंत झटके असतात. बॅटरी १२ व्होल्टची आहे म्हणून उघड्या जोडाला हात लावू नका.

## ८. तात्पुरतं डॅम्पिंग

कॉइलला समांतर लावलेला रेझिस्टर झटका विझवतो. मूल्य खूप जास्त असेल तर झटका संपल्यावर कॉइल घंटेसारखी वाजत राहते. खूप कमी असेल तर लांब शेपूट उरते. नेमकं मूल्य कॉइल, शिल्ड, केबल आणि मॉसफेट यांच्या एकूण कपॅसिटन्सवर ठरतं: इंडक्टन्सला कपॅसिटन्सने भागून त्याचं वर्गमूळ घ्या आणि निम्मं करा. ३०० मायक्रोहेन्री आणि एकूण ३०० पिकोफॅरड असतील तर ५०० ओहम. कपॅसिटन्स निम्मी केली तर ७०० ओहम लागतील, आणि कॉइल तितकी लवकर शांत होईल. शिल्डखाली अंतर सोडण्याचा फायदा इथे आकड्यांत दिसतो.

प्रत्यक्षात अॅम्प्लिफायरच्या इनपुटचा रेझिस्टरही झटक्याच्या वेळी त्याच्या डायोडमार्फत समांतर येतो. त्यामुळे हिशेबाचं उत्तर ही फक्त सुरुवात समजा.

ऑसिलोस्कोप असेल तर अॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर पाहा, ड्रेनवर नको, कारण साधा प्रोब इतका व्होल्टेज झेलेलच असं नाही. ३९० ओहमपासून सुरुवात करून वर चढत जा. रेघ शून्याच्या पलीकडे जाऊन परत येऊ लागली की एक पायरी खाली या.

ऑसिलोस्कोप नसेल तर ३३०, ३९०, ४७०, ५६०, ६८० हे रेझिस्टर एकेक करून लावा. प्रत्येक वेळी तेच नाणं हवेत धरून किती अंतरावर आवाज येतो ते पट्टीने मोजा. वर जाताना अंतर वाढत जाईल आणि मग एका ठिकाणी डिटेक्टर अस्थिर होईल. त्याच्या आधीचं मूल्य घ्या.

रेझिस्टर दोन वॉटचा, कार्बन किंवा मेटल फिल्मचा हवा. तार गुंडाळलेला पांढरा सिमेंटचा रेझिस्टर नको, तो स्वतःच एक छोटी कॉइल असतो. झटक्याचा व्होल्टेज वाटला जावा म्हणून दोन रेझिस्टर मालिकेत लावणं जास्त सुरक्षित.

कुठे तपासाल? घरात जमिनीवर ठेवून नाही. स्लॅबमध्ये सळ्या असतात, गच्चीतही असतात. मोकळ्या जागी, लाकडी स्टुलावर किंवा दोरीने टांगून, कॉइल उभी धरून तपासा. अंगठी, कडं, बांगड्या, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल आधी काढा.

## ९. हाताची आणि टकटकीची परीक्षा

रेझिन ओतण्यापूर्वीची ही शेवटची संधी आहे.

रिकामा तळहात कॉइलवर टेकवा. आवाज बदलला तर शिल्ड अपुरी आहे किंवा तिची तार जोडलेली नाही. लाकडी काडीने कॉइलवर सगळीकडे टकटक करा. एखाद्या जागी आवाज उमटला तर तिथली तार सैल आहे. दोरा आवळा, वॉर्निश पाजा, पुन्हा तपासा. केबल हलवून पाहा, प्लग हलवून पाहा.

त्यानंतर ज्या वस्तू कॉइलजवळ राहणार आहेत त्या एकेक करून तिच्यासमोर धरा: खोक्याचं प्लास्टिक, वाळलेला डिंक, रंगाचा तुकडा, दांड्याचा सांधा, बोल्ट. डिटेक्टर ज्याला बोलला ती वस्तू बाद. काही काळ्या प्लास्टिकमध्ये कार्बन भरपूर असतो, काही रंगांत धातूची पूड असते. बोल्ट नायलॉनचेच वापरा.

## १०. बसवणं आणि रेझिन

सनबोर्डची तबकडी कापून त्यात जुडी बसेल अशी खाच करा. वरखाली तीन मिमी अॅक्रिलिक किंवा फायबरग्लासचा थर द्या. इपॉक्सी रेझिन सावकाश घट्ट होणारं घ्या. पाच मिनिटांत घट्ट होणारं जाड थरात तापतं, आकसतं आणि जुडी वाकवतं. एका वेळी थोडंच ओता, पहिला थर घट्ट झाल्यावर दुसरा.

केबल जिथे आत शिरते तिथे ती आतल्या बाजूला गाठ किंवा टायने अडकवा, म्हणजे ओढ जोडांवर येणार नाही. हीच जागा पाण्यासाठीही दार ठरते, तेव्हा ती पूर्ण बुजवा.

## ११. शेवटचं डॅम्पिंग आणि जमीन

इपॉक्सी हवेपेक्षा जास्त कपॅसिटन्स देतं, त्यामुळे घट्ट झाल्यावर आठवी पायरी पुन्हा करायची. अनेकदा एक मूल्य खाली यावं लागतं. जो रेझिस्टर आता ठरेल तो कायमचा.

मग जमिनीवर चला. महाराष्ट्रात आणि गोव्यात एक गोष्ट आधीच माहीत हवी. कोकणातला जांभा आणि त्याची तांबडी माती पीआय डिटेक्टरलाही प्रतिसाद देतात. तिच्यातले लोहखनिजाचे अतिसूक्ष्म कण पल्सने चुंबकित होतात आणि पल्स तुटल्यावर त्यांचं चुंबकत्व सावकाश उतरतं. बेसॉल्टच्या काही मातीतही हे जाणवतं. कॉइल खाली नेताना आवाज एकसारखा चढत गेला तर कॉइल उकलायला बसू नका. जांभ्याचा चिरा मुद्दाम समोर धरून पाहा, त्यालाही तसाच आवाज आला तर दोष मातीचा. नमुना थोडा उशिरा घ्या, जमिनीपासूनचं अंतर सारखं ठेवा. रत्नागिरीच्या बाजूच्या काळ्या वाळूतही चाचणी जपून करा. ओल्या समुद्री वाळूवर टेकताच आवाज येत असेल, तर आधी तळहाताची परीक्षा पुन्हा करा. ती उत्तीर्ण झाली तर खाऱ्या पाण्याची वाहकता दिसते आहे. त्यावर उपाय नमुना उशिरा घेण्याचाच.

चाचणी आपल्या किंवा परवानगी घेतलेल्या जागेतच करा. गडकिल्ल्यांवर डिटेक्टर नेऊ नका. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदणं १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याने गुन्हा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. उकरून काढलेलं नाणं मातीच्या थरातून वेगळं झालं की इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातून फारसं काही कळत नाही, हे नुकसान कायद्याहून मोठं आहे.

दुसरी कॉइल करायचा विचार असेल, तर डॅम्पिंगचा रेझिस्टर बोर्डवर न ठेवता प्रत्येक कॉइलच्या प्लगमध्ये बसवा. प्लग मोठा घ्या आणि आतल्या पिनांमध्ये भरपूर अंतर असू द्या. प्लग सुटलेला असताना सर्किट चालू करायचं नाही. प्रत्येक कॉइलवर वेढे, रेझिस्टन्स, इंडक्टन्स आणि रेझिस्टरचं मूल्य लिहिलेली चिठ्ठी चिकटवून वरून पारदर्शक टेप लावा.